निषिद्ध आकाशाचा कारागीर : एर्न्स्ट हाइन्केल

व्हर्सायच्या तहाची कलमे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. जर्मनीने भूसेना एक लाखावर आणावी, रणगाडे बाळगू नयेत, पाणबुड्या बांधू नयेत आणि लष्करी विमानदल तर मुळीच ठेवू नये! उत्तरपत्रिकेत हे चार मुद्दे लिहिले की गुण पदरात पडतात आणि आपण पुढल्या प्रश्नाकडे वळतो. परंतु ज्या देशावर १९१९ साली ही बंदी घातली गेली, त्याच देशाने १९३५ च्या मार्च महिन्यात आपले सुसज्ज विमानदल जगापुढे उभे केले, हेही त्याच पुस्तकात चार पानांनंतर छापलेले असते. मग मधल्या सोळा वर्षांत ही विमाने आली कोठून? विमान काही पावसाळ्यातल्या भूछत्राप्रमाणे एका रात्रीत उगवत नाही. त्यामागे आराखडे काढणारे डोळे असतात, लोखंडी नळ्या जोडणारे हात असतात आणि पडलेले विमान पुन्हा उभे करण्याची जिद्द असते. या प्रश्नाचे उत्तर शोधत असताना ज्या माणसाशी माझी गाठ पडली, त्याचे नाव एर्न्स्ट हाइन्केल. त्याचे चरित्र प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे. वार्षिक अंकातील चरित्रलेख बहुधा थोर विभूतींवर असतात. या माणसाला थोर म्हणावे की नाही, हे मात्र वाचकांनीच शेवटी ठरवावे.

हाइन्केलचा जन्म २४ जानेवारी १८८८ रोजी दक्षिण जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात ग्रुनबाख या लहानशा गावी झाला. वडील धातुकाम करणारे कारागीर होते. घरात हातोडी आणि पत्रा यांचा आवाज नेहमीचा. पुस्तकांचा तेवढा नसावा. असा मुलगा कारखान्यातील उमेदवारी करून श्टुटगार्टच्या तांत्रिक महाविद्यालयात दाखल होतो, ही गोष्ट वाचताना मला त्याच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला. आमच्याही घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिला मीच. कारागिराच्या मुलाच्या हातात पुस्तक आले की हाताची विद्या आणि डोक्याची विद्या एकत्र येतात. हाइन्केलचे पुढचे सारे यश या संगमातून आले, असे मला वाटते.

त्याच्या आयुष्याला वळण देणारी घटना ५ ऑगस्ट १९०८ रोजी घडली. काउंट झेपेलिनचे प्रचंड हवाई जहाज श्टुटगार्टजवळच्या एख्टरडिंगेन येथे उतरले होते आणि ते पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली होती. वादळी वाऱ्याने ते दावणीतून सुटले, त्याने पेट घेतला आणि पाहता पाहता वायूने भरलेल्या त्या राक्षसी देहाचा सांगाडा उरला. वीस वर्षांचा हाइन्केल तेथे होता. हवेपेक्षा हलक्या जहाजांचे दिवस फार नाहीत, भविष्यकाळ हवेपेक्षा जड अशा पंखांच्या यंत्राचा आहे, ही खूणगाठ त्याने त्या दिवशी बांधली. पुढे फार्मान या फ्रेंच विमानाच्या आराखड्याच्या आधारे त्याने स्वतःचे पहिले विमान बांधले. १९ जुलै १९११ रोजी ते कोसळले आणि जळाले. हाइन्केल मरता मरता वाचला. इतके झाल्यावर एखाद्याने विमानाचे नाव टाकले असते. पण हा गडी बरा होताच बर्लिनजवळच्या योहानिस्टाल येथे विमानांच्या कारखान्यात नोकरीस लागला. एल. व्ही. जी., मग आल्बाट्रोस आणि १९१४ पासून हान्सा-ब्रांडेनबुर्ग, असा त्याचा प्रवास झाला.

पहिल्या महायुद्धात हान्सा-ब्रांडेनबुर्गचा मुख्य अभिकल्पक म्हणून त्याने नाव मिळवले ते मुख्यतः पाण्यावरून उडणाऱ्या व पाण्यावर उतरणाऱ्या सागरी विमानांसाठी. परंतु ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विमानदलासाठी १९१६ साली त्याने एक लढाऊ विमानही केले. त्याच्या वरच्या व खालच्या पंखांमधील दांड्या मध्यावर चांदणीच्या आकारात एकत्र येत. कल्पना मोठी चतुर होती, पण वैमानिकाला समोरचे नीट दिसत नसे आणि विमान आवरणे अवघड जाई. वैमानिकांनी त्याला शवपेटी असे नाव ठेवले. कागदावर सुंदर दिसणारी रेघ आकाशात माणसाचा जीव घेऊ शकते, हा धडा अभिकल्पकाच्या वाट्याला इतक्या लवकर आला.

येथे थोडे विषयांतर करून द्विपंखी विमान म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण हाइन्केलच्या आयुष्यातील निम्मी कहाणी त्यातच दडलेली आहे. विमानाला वर उचलतात ते पंख. त्या काळची इंजिने दुबळी, म्हणून पंखांचे क्षेत्रफळ भरपूर हवे. लाकूड आणि कापड यांचा एकच लांबलचक पंख केला तर तो वाकणार, मोडणार. त्यापेक्षा दोन आखूड पंख एकावर एक ठेवायचे, मध्ये दांड्या उभ्या करायच्या आणि तारांनी ते ताणून बांधायचे. पुलाच्या कैचीप्रमाणे हा सांगाडा वजनाला हलका आणि बळकट होतो. शिवाय पंख आखूड असल्याने विमान गर्रकन वळते, आणि हवेतल्या झुंजीत जो आधी वळतो तो शत्रूच्या पाठीवर जातो. दोष एकच, पण तो मोठा. त्या दांड्या आणि तारा वाऱ्याला अडवतात. वेग वाढवावा तसा हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. म्हणजे इंजिन कितीही जोरदार बसवले तरी एका मर्यादेनंतर त्याची सारी शक्ती तारा ओढण्यातच खर्च होते. ही मर्यादा गाठेपर्यंत द्विपंखी विमान सुधारत नेणे आणि मग ते सोडून देणे, हाच दोन महायुद्धांमधल्या विमानविद्येचा इतिहास आहे.

१९१८ साली जर्मनी हरला आणि तहाने विमानांचे कारखाने थंड पडले. हाइन्केल गावी परतला. १९२२ च्या मे महिन्यात विमाने बांधण्यास परवानगी मिळाली, पण ती अटींसह. वेग, उंची आणि वजन यांवर मर्यादा होत्या. १९२६ च्या पॅरिस करारानंतर नागरी विमानांवरील या मर्यादा उठल्या, लष्करी विमानांवरील बंदी मात्र कायम राहिली. अटींवर देखरेख ठेवण्यासाठी विजेत्या राष्ट्रांचे निरीक्षक कारखान्यांतून फिरत. अशा परिस्थितीत हाइन्केलने १९२१ साली ट्राफेम्युंडे येथील कास्पार कारखान्यात पुन्हा आराखड्याची फळी मांडली. पाणबुडीवरच्या नळकांड्यात मावेल आणि बाहेर काढताच चटकन जोडता येईल असे एक चिमुकले द्विपंखी विमान त्याने येथे केले. अमेरिका आणि जपान या दोन्ही देशांच्या नौदलांनी ते घेतले. १ डिसेंबर १९२२ रोजी बाल्टिक समुद्राच्या काठी वार्नेम्युंडे येथे त्याने स्वतःचा कारखाना काढला.

आता बंदीला बगल देण्याच्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. पहिली वाट स्वीडनची. विमानाचे भाग जर्मनीत तयार करायचे, पेट्यांत भरून समुद्रापार न्यायचे आणि स्वीडनमध्ये जोडायचे! स्वीडनच्या नौदलाला विमान मिळाले आणि कायद्याच्या दृष्टीने जर्मनीत लष्करी विमान बनलेच नाही. दुसरी वाट जपानची. जपान हा महायुद्धात विजेत्यांच्या बाजूस होता, म्हणून देखरेख करणाऱ्यांतही त्याचे स्थान होते, आणि हाइन्केलच्या चांगल्या गिऱ्हाइकांतही तोच होता. निरीक्षक येणार असल्याची सूचना आपल्याला जपान्यांकडून आधीच मिळे, मग विमाने मोटारींवर लादून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये लपवली जात आणि पाहुणे गेले की परत आणली जात, असे हाइन्केलने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. वाचताना हसू येते, पण या लपंडावातून पुढे काय निघाले हे आठवले की ते हसू ओठांवरच थांबते.

तिसरी वाट सर्वांत विलक्षण होती, ती रशियाची. एकीकडे पराभूत जर्मनी, दुसरीकडे जगाने वाळीत टाकलेला साम्यवादी रशिया. १९२२ च्या रापाल्लोच्या तहाने दोघे जवळ आले. १९२५ पासून १९३३ पर्यंत मॉस्कोच्या आग्नेयेस लिपेत्स्क येथे जर्मन वैमानिकांचे गुप्त प्रशिक्षण चालले. तेथील तरुण फोकर डी-१३ या द्विपंखी लढाऊ विमानावर शिकत. अशी पन्नास विमाने हॉलंडमधून घेण्यात आली होती. म्हणजे वैमानिक तयार होत होते, पण त्यांच्या हाती देण्यास जर्मन बनावटीचे लढाऊ विमान हवे होते. आराडो कारखान्यात वाल्टर रेथेल त्याच खटपटीत होता आणि वार्नेम्युंडेत हाइन्केल. १९२८ साली हाइन्केलचे एच. डी. ३७ हे एका बैठकीचे द्विपंखी विमान उडाले. जर्मन लष्कराने ते स्वीकारले नाही. रशियाने मात्र त्याचे हक्क विकत घेतले आणि आय-७ या नावाने आपल्या देशात १३१ विमाने बांधली. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे स्पेनच्या आकाशात याच व्यवहाराचा एक विचित्र प्रतिध्वनी उमटणार आहे.

१९३१ च्या सुमारास वाल्टर आणि सिगफ्रिड ग्युंटर हे जुळे बंधू हाइन्केलकडे आले आणि त्याच्या विमानांचे रूपच पालटले. या भावांना वाहत्या हवेची भाषा समजत होती. कोपरे गेले, कडा गोलावल्या, पंखांची टोके लंबगोल झाली. १९३२ च्या नोव्हेंबरात हाइन्केल ४९ उडाले. कागदोपत्री ते वैमानिकांच्या वरच्या वर्गाचे शिक्षणविमान होते; प्रत्यक्षात ते लढाऊ विमान होते. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, त्याच वर्षी हाइन्केल नाझी पक्षाचा सभासद झाला, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यात हाइन्केल ५१ ने प्रथम उड्डाण केले.

हाइन्केल ५१ चे छायाचित्र ज्याने पाहिले असेल त्याला ते विमान विसरता यायचे नाही. निमुळते नाक, त्याखाली रेडिएटर, चाकांवर अश्रूच्या थेंबासारखी आवरणे आणि नीटस बसवलेले दोन पंख! सांगाडा धातूचा, वरून कापड. बारा सिलिंडरांचे सुमारे ७५० अश्वशक्तीचे बी. एम. डब्ल्यू. इंजिन, त्यावर दोन मशीनगन, ताशी सुमारे ३३० किलोमीटर वेग. १९३४ च्या जुलैपासून ही विमाने दलात येऊ लागली आणि एकंदर सुमारे ७०० बांधली गेली. १९३५ मध्ये हिटलरने बुरखा फेकला तेव्हा बर्लिनजवळ ड्योबेरिट्झ येथील रिख्टहोफेन पथकात हीच विमाने दिमाखाने उभी होती. सोळा वर्षे लपवून ठेवलेली विद्या आता उघड्यावर मिरवू लागली.

परंतु सौंदर्य आणि सामर्थ्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बी. एम. डब्ल्यू. चे ते इंजिन १९२० च्या दशकातील, आकाराने मोठे आणि वजनदार होते. आराडोच्या नव्या आराडो ६८ मध्ये युमो इंजिन बसवल्यावर तेही द्विपंखी विमानच पण अधिक चपळ ठरले. पहिल्या महायुद्धातील नामवंत वैमानिक एर्न्स्ट उडेट याने १९३६ साली स्वतः आराडो उडवून हाइन्केल ५१ शी लुटुपुटुची झुंज घेतली आणि आराडोचा वरचष्मा सिद्ध केला. आराडो ६८ हे जर्मनीचे शेवटचे द्विपंखी लढाऊ विमान ठरले. कारण तोवर मेसरश्मिटचे एकपंखी विमान तयार झाले होते. स्वतः हाइन्केलनेही ११२ क्रमांकाचे एकपंखी विमान त्या स्पर्धेत उतरवले होते. निवड मेसरश्मिटची झाली. हा घाव हाइन्केलच्या जिव्हारी लागला.

हाइन्केल ५१ ची खरी परीक्षा स्पेनमध्ये झाली. जुलै १९३६ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले. हिटलरने फ्रँकोच्या बंडखोर पक्षाला मदत पाठवली आणि ऑगस्टच्या आरंभी काडिझ बंदरात पहिली सहा हाइन्केल ५१ विमाने पेट्यांतून उतरली. (पेट्यांतून विमाने धाडण्याचा धडा आता चांगलाच उपयोगी पडला!) सरकारपक्षाजवळ जुनीपुराणी विमाने होती, त्यांच्यापुढे हाइन्केलने सुरुवातीला बाजी मारली. पण नोव्हेंबरात माद्रिदवर रशियाची आय-१५ विमाने दिसू लागली. तीही द्विपंखीच, पण चार मशीनगनांची, चढायला वेगवान आणि वळायला चपळ. त्यांच्या जोडीला आय-१६ हे एकपंखी विमान होते. ज्या रशियाने काही वर्षांपूर्वी हाइन्केलकडून लढाऊ विमानाचे हक्क घेतले, त्याच रशियाच्या विमानांनी हाइन्केलला स्पेनच्या आकाशातून हुसकून लावले. शस्त्राचा व्यापार करणाऱ्याला गिऱ्हाईक आणि शत्रू यांतील भेद सांगता येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आकाशात टिकाव लागेना, तेव्हा या विमानांना जमिनीवर मारा करण्याचे काम देण्यात आले. आडोल्फ गालांड हा पुढे प्रसिद्धीस आलेला वैमानिक अशाच एका पथकाचा प्रमुख होता. विमानाला बाँब अडकवायचे, खंदकांवरून खालून जायचे आणि गोळ्यांचा वर्षाव करायचा. आणि मग २६ एप्रिल १९३७ चा सोमवार उजाडला. बास्क प्रांतातील गेर्निका गाव, बाजाराचा दिवस. जर्मनीच्या काँडोर दलाने आणि इटालियन विमानांनी त्या गावावर बाँबवर्षाव केला. बाँबफेकी विमानांत हाइन्केल १११ होती, आणि आगीतून रानाकडे पळणाऱ्या माणसांवर खाली येऊन मशीनगन चालवणाऱ्यांत हाइन्केल ५१ ही होती. त्याच वर्षी पिकासोने पॅरिसच्या प्रदर्शनासाठी काढलेले गेर्निका हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पुस्तकांतून पाहिले असेल. त्या चित्रात विमान कोठेही नाही. घोडा आहे, बैल आहे, मेलेले मूल घेऊन आकांत करणारी आई आहे. विमान चित्राच्या बाहेर, वर कोठेतरी आहे. ज्या यंत्राची रेष आणि रेष मी वर कौतुकाने वर्णन केली, तेच ते यंत्र.

यानंतरचे चरित्र भरभर सांगतो. १९३८ साली नाझी राजवटीने हाइन्केलला राष्ट्रीय पारितोषिक दिले. वेगाच्या ध्यासाने तो पुढेच जात राहिला. हान्स फोन ओहाइन या तरुण शास्त्रज्ञाला आश्रय देऊन त्याने हाइन्केल १७८ तयार करवले, आणि २७ ऑगस्ट १९३९ रोजी एरिख वार्झिट्झ याने ते उडवले. जेट इंजिनावर उडालेले ते जगातील पहिले विमान. कापडी पंखांच्या द्विपंखी विमानापासून जेटपर्यंतचा प्रवास एकाच माणसाच्या कारखान्यात पुरा व्हावा, हे कर्तृत्व असामान्य आहे यात शंका नाही. त्यानंतर पाचच दिवसांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. युद्धकाळात ओरानियनबुर्ग येथील हाइन्केलच्या कारखान्यात साक्सनहाउझेन छळछावणीतील हजारो कैद्यांना गुलामासारखे राबवण्यात आले. जेटचे उड्डाण जितके खरे, तितकेच हेही खरे. एक सांगून दुसरे गाळणे हा चरित्रलेखनातील अप्रामाणिकपणा होईल.

युद्धानंतर हाइन्केलला अटक झाली. नाझी संबंधांच्या चौकशीतून तो अखेर सुटला. जर्मनीत पुन्हा विमानांवर बंदी आली, आणि एकेकाळी आकाशाचा वेध घेणारा हा कारखानदार स्कूटर बनवू लागला. १९५३ साली त्याची टूरिस्ट स्कूटर निघाली, १९५६ साली तीन चाकांची अंड्याच्या आकाराची छोटी मोटार. ३० जानेवारी १९५८ रोजी, सत्तरावा वाढदिवस होऊन आठवडा उलटण्याआधीच, श्टुटगार्ट येथे त्याचे निधन झाले. ग्रुनबाखच्या मातीतच त्याला पुरण्यात आले.

मित्रहो, हाइन्केलने स्वतः कोणावर गोळी झाडली नाही. आपण विमाने बांधली, ती कोणी कशासाठी वापरली याला आपण काय करणार, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. लोहाराने विळा केला तर त्याने गवत कापायचे की गळा, हे विळा घेणारा ठरवतो, असेही कोणी म्हणेल. पण विळा आणि मशीनगन यांत फरक आहे. मशीनगनीने गवत कापता येत नाही. शिवाय बंदी चुकवून, पेट्यांत दडवून, खोटी नावे देऊन जी वस्तू तयार होते, ती कशासाठी आहे हे तयार करणाऱ्याला ठाऊक असते. ठाऊक नसते तर त्याने ती वाळूत लपवली नसती. आणि छावणीतले कैदी तर त्याच्या स्वतःच्या कारखान्यात, त्याच्याच यंत्रांपाशी उभे होते. तेथे वापरणारा कोणी दुसरा नव्हता.

असे असूनही त्याच्या बुद्धीची निंदा माझ्याने करवत नाही. गरिबाघरच्या मुलाने जळालेल्या विमानातून उठून पुन्हा विमान बांधावे, ही जिद्द कोणालाही हवीशी वाटेल. आमच्यासारख्यांना घरातून एकच शिकवण मिळते: शीक, हुशार हो, मग तुला कोणी अडवणार नाही. हाइन्केलचे चरित्र वाचल्यापासून त्या शिकवणीला एक पुस्ती जोडावीशी वाटते. हुशारीला गिऱ्हाईक नेहमीच मिळते; कधी स्वीडन, कधी जपान, कधी रशिया, कधी हिटलर. आपणही उद्या शाळांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत जाऊ आणि आपली विद्या मागायला कोणीतरी येईल. त्याला किंमत विचारण्याआधी काम कशाचे आहे ते विचारावे, आणि उत्तर आवडले नाही तर उठून यावे. हाइन्केलला हे दोन्ही करण्याची संधी एकदा नव्हे, अनेकदा आली होती.